दर पाच सेकंदांनी एक

अंबडच्या आमच्या शेडमधून समुद्र दिसत नाही.
मी तो बिलांत पाहते.

फ्लोटिंग लाइट, मास्टसहित, एक नग.
चलनावर एवढंच.
पोरं तिला दिव्याची बोट म्हणायची.
बोट आमची नव्हतीच, दिवा तेवढा आमचा.
खाली कोकणात कुठल्याशा बंदराचा धक्का वाढवतायत,
भर पाण्यात दगड ओततायत,
ते दगड रात्री जहाजांना कळावेत म्हणून
नांगर टाकून उभी केलेली एक बोट
आणि तिच्या डोक्यावर आम्ही.

पाठवायच्या आदल्या रात्री दिवा पाण्याच्या टाकीवर बांधला
आणि पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो.
खैरनारशेठ, मी, भिंगं घासणारा मुनाफ,
मध्ये शेंगदाण्यांची पुडी.
एक, दोन, तीन, चार, लख्ख.
हायवेचे ट्रक, कंपन्यांच्या ट्यूबा, लग्नाची एक रोषणाई,
त्या सगळ्यात आमचा वेगळा कळत होता.
मुनाफ म्हणाला, हा आंधळ्यालाही टोचेल.

मागच्या फेब्रुवारीत, पहाटे,
कोळशाचं एक जहाज सरळ तिच्या अंगावर आलं.

तेव्हापासून फाइल जाड होते आहे.
जहाजाचा मालक एका देशात, झेंडा दुसऱ्याचा, विमा तिसऱ्याचा.
मालक म्हणतो, सुकाणूशी तुमच्याच बंदराचा पायलट होता.
बंदर म्हणतं, पायलट सल्ला देतो, जहाज कप्तान चालवतो.
मालक म्हणतो, बरं, देतो,
पण कायद्यात जहाजाच्या आकाराप्रमाणे हद्द ठरलीय,
तिच्यापुढे एक पै नाही.
ठेकेदार बोट बंदराची म्हणतो,
बंदर म्हणतं, काम पुरं होईतो ठेकेदाराची.
बुडाल्यावर तिला कुणी आपली म्हणेना.

एका वकिलाचं पत्र मात्र मी दोनदा वाचलं:
जी जागची हलली नाही तिचा दोष धरत नाहीत,
धडकणाऱ्यानेच खुलासा करायचा.
वाचून बरं वाटलं.
पान उलटलं तर वर एकच ओळ,
मात्र दिवा चालू असला पाहिजे.

म्हणून आमची दहा टक्के रक्कम
दिवा चालू होता किंवा कसे याचा निकाल लागेतो राखीव.
शेठ म्हणाले, दहा टक्के म्हणजे आपला सगळा नफा.
मुनाफ काही म्हणाला नाही.
त्याच्या मुलीची नर्सिंगची फी
बोनसवर ठरलेली होती, हे मला माहीत होतं.

परवा दुपारी फोन आला.
हरेश्वर पागधरे. बोटीवरचा.
नंबर कुठून मिळाला म्हटलं, तर
दिव्याच्या पट्टीवर कोरलेला होता ना, बाई,
रात्रपाळीत वाचायला दुसरं काय असायचं,
पाठच झाला.
मग म्हणाला,
बुडताना पेटलेलाच होता.
मी पाण्यात, तो पाण्याखाली,
तीनदा लागलेला मोजला मी,
खालून हिरवा दिसत होता.

हे कुणाला लिहून दिलंत का?
हजेरीवर मी नव्हतोच, म्हणाला,
मेव्हण्याच्या नावावर बदली करत होतो.
आणि लागलं बिगलं?
खांदा वर जात नाही, बाकी काही नाही.
थोडं थांबून,
तसला एखादा लहान दिवा मिळेल का, होडीला?
किंमत काय पडेल?

आज मार्चअखेर.
ऑडिटर म्हणाले, ही रक्कम बुडीत खात्यात टाका.
टाकली.
समोर पेन्सिलीने बारीक लिहिलं, बुडताना चालू होता.
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि
ते खोडायला लावलं.

ट्रायलचा एक दिवा शेडमध्ये पडून होता,
मुनाफने तो जेवणाच्या सुट्टीत पुसला,
खोक्यात चिंध्या भरल्या, पत्ता मी घातला.
कुरियरचे दोनशे दहा किरकोळ खर्चात.
पागधरेने किंमत विचारली होती.
अजून सांगितलेली नाही.